आवणी महिन्याचं बारावं पान

नंबी पहिल्यांदा आमच्या प्रेसमध्ये आला तेव्हा पाऊस पडत नव्हता. प्रेमाच्या गोष्टीत पाऊस लागतो हे मलाही माहीत आहे, पण शिवकाशीत पावसाची वाट बघणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. पाऊस आला की फटाके सादळतात, कागद फुगतो, आणि आमचे मालक (सगळा प्रेस त्यांना अण्णाच्ची म्हणतो) यंत्रं थांबवून दिसेल त्याच्यावर ओरडत सुटतात. तेव्हा ऊन होतं. सकाळचे अकरा वाजले होते, आणि दारात एक उंच, काटकुळा तरुण खांद्याला पिशवी अडकवून उभा होता. चपला काढाव्यात की न काढाव्यात, या विचारात.

"राहू द्या," मी म्हटलं. "आत तारेचे तुकडे पडलेले असतात."

"पण तुम्ही तर अनवाणीच..."

"ते कुठं कुठं पडलेत ते मला पाठ आहे."

तो हसला. मी हसले नाही. कामाच्या वेळी मी हसत नाही. म्हणजे तोवर तरी हसत नव्हते.

माझं काम सांगते. रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरांची प्रूफं मी तपासते. तमिळ महिना, तारीख, नक्षत्र, राहुकाळ, आणि तळाशी बारा राशींचं एकेका शब्दात भविष्य. 'लाभ', 'चिंता', 'प्रवास', 'जय'. लाखो घरं सकाळी उठून ते पान फाडतात आणि त्या एका शब्दावर दिवस काढतात. म्हणून प्रत्येक प्रूफाच्या कोपऱ्यात तपासणाऱ्याची सही लागते. अण्णाच्चींचा नियम एकच आहे. छापून बाहेर गेलेल्या पानावर चूक निघाली की सहीचा अधिकार गेला. माझ्याआधी सही करणारे पोन्नुसामी अय्या एका चुकलेल्या अमावास्येपायी आता गठ्ठे लावायच्या बाकावर बसतात. माझ्या सहा वर्षांत एकही चूक सुटलेली नव्हती, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगत असे.

"एका मालिकेसाठी कॅलेंडर छापून हवंय," तो म्हणाला. "पवळमल्ली वीडु."

माझ्या हातातली पेन्सिल थांबली. पवळमल्ली म्हणजे प्राजक्त, आणि प्राजक्ताच्या घरात काय चालतं हे मला त्या घरातल्या माणसांपेक्षा जास्त ठाऊक होतं. सोमवार ते शनिवार, संध्याकाळी साडेसात. अम्मा आणि मी तीन वर्षं एकही भाग चुकवलेला नव्हता. अप्पा साडेसातला पाच कमी असतानाच चपला घालून चहाच्या दुकानात निघून जायचे.

"चेन्नईत कॅलेंडरं मिळत नाहीत होय?" मी विचारलं.

"मिळतात की. पण त्यावर साल असतं. आमच्या मालिकेत कुठलं साल चाललंय ते आमच्या दिग्दर्शकांनाही माहीत नाही." त्यानं पिशवीतून कागद काढला. "वर मिलचं नाव, 'श्री वडिवंबाळ राइस मिल'. खाली फक्त आवणी महिन्याची पानं. महिना आणि तारीख मोठ्या अक्षरात, घरी बसून वाचता येईल अशी. महिन्याभरात मालिकेत लग्न आहे. लग्नाचा आठवडा म्हणजे वर्षाची कमाई, आणि त्या आठवड्यात कुणाला बोट ठेवायला जागा मिळता कामा नये, असा वरून हुकूम आलाय. हे सगळं एका बाईमुळं चाललंय हो."

"कुठल्या बाईमुळं?"

"पेरियम्मा."

पेरियम्मा म्हणजे थोरली मावशी. फेसबुकवर त्या नावाचं एक पान आहे. दर रविवारी सकाळी सहा वाजता तिथं 'आठवड्याची झाडाझडती' येते. पवळमल्ली वीडुच्या सहा भागांवर एका चाहतीनं मनात येईल ते लिहिलेलं असतं. चाळीस हजार लोक वाचतात. लिहिणारी बाई साठीची असावी, दोन सुना असाव्यात, गुडघे दुखत असावेत, असं सगळे धरून चालतात.

तर, ती मीच.

"काय करते ती?" मी थंडपणे विचारलं.

"काय करत नाही ते विचारा! पदर, बांगड्या, घड्याळं, सगळं मोजते. मागच्या सीनमध्ये नायिकेच्या वेणीत चार हात मोगरा होता, या सीनमध्ये दोनच हात, मधल्या वेळात सासूनं खाल्ला काय, असं लिहिलं होतं. तो मोगरा सांभाळायचं काम माझं! मागचं चित्र पुढच्या चित्राशी जुळतंय की नाही एवढंच मी बघतो. दर सोमवारी दिग्दर्शक तिची झाडाझडती छापून आणतात, आणि सगळ्या युनिटसमोर मला मोठ्यानं वाचायला लावतात. मला! तीन वर्षं मी आतल्या आत जळतोय. म्हातारीला घरात दुसरं काम नसणार."

"म्हातारी कशावरून?"

"जीभ बघा ना तिची. एवढी धार यायला निदान दोन सुना छळाव्या लागतात."

आता हसू येईल म्हणून मी प्रूफावर मान घातली. संगणकावर आवणीच्या आधीच्या आडी महिन्याची पानं तयार होतीच. तीच घेऊन, वरचा महिना बदलून, आवणीची केली होती. घाईचं काम होतं. छापून, शिवून संध्याकाळच्या गाडीनं त्याला परत जायचं होतं. म्हणून तो माझ्याच टेबलापुढं स्टूल ओढून बसला. चार तास. एकदा बाहेर जाऊन दोन चहा घेऊन आला. एक न विचारता माझ्यापुढं ठेवला, साखर कमी. साखर कमी कशी कळली कोण जाणे, मी विचारलं नाही.

पहिलं पान, दुसरं, तिसरं. मी एकेक खूण करत अकराव्यापर्यंत आले.

"नाव काय तुमचं?"

"मंगै."

"एवढंच?"

"पूर्ण नाव घ्यायला लोकांना वेळ नसतो. मंगैयर्करसी."

"मं-गै-यर्-क-र-सी," त्यानं सावकाश म्हटलं. कुठं अडखळला नाही, काही गिळलं नाही. शाळेतली हजेरी सुटल्यापासून ते नाव एवढं पूर्ण कुणी घेतलं नव्हतं. मी वर पाहिलं. त्याच्या पापण्या मुलींसारख्या लांब होत्या... काव्य करत नाही, दिसलं ते सांगते.

मग मी पुढची पानं तपासली, कोपऱ्यात सही केली आणि प्रूफ छपाईला पाठवलं.

*

जाताना तो फोन नंबर घेऊन गेला. 'छपाईत काही अडलं तर', असं म्हणाला. गठ्ठे त्याच्या पिशवीत होते, आता छपाईत काय अडणार होतं? पण मी दिला.

तिसऱ्या दिवशी फोन आला.

"बुधवारी राहुकाळ कधी असतो हो?"

"तुमच्याजवळ एकतीस पानं आहेत. प्रत्येकावर छापलाय."

"ती सेटवर आहेत. मी खोलीवर आहे."

"बारा ते दीड."

"आणि... गुरुवारी?"

मी त्याला सातही दिवसांचे राहुकाळ सांगितले. एका दिवसाला एक फोन, असा आठवडा गेला. राहुकाळ संपल्यावर यमगंडम, म्हणजे दुसरा अशुभ काळ, सुरू झालं. ते संपल्यावर आम्ही सरळ बोलायला लागलो. तो तिरुनेलवेलीकडचा. शेतात केळी, घरात तीन बहिणी. धाकटी त्याला अजून 'सिनेमातला अण्णा' म्हणते, आणि हा सिनेमात काय करतो ते तिला कुणी सांगितलेलं नाही. चेन्नईत चौघांत एक खोली. दर सोमवारच्या वाचनाबद्दलही तो सांगायचा. आवाज हसरा असायचा, पण शेवटी जरा उतरायचा.

"या सोमवारी काय वाचलं?" मी विचारायची, जसं काही मला माहीतच नाही.

"'सूनबाई झोपेतून उठल्या, ओठांची लाली मात्र जागीच होती.' सगळे हसले. मीसुद्धा हसलो... बरं लिहिते हो ती. तेच तर दुखतं."

तेव्हा सांगून टाकायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही. पण मग हा फोन करायचा थांबेल, असं वाटलं आणि मी गप्प बसले. फोन थांबला असता तर मला चाललं नसतं. हे मी स्वतःशी कबूल केलं, आणि त्या रविवारची झाडाझडती जरा मऊ लिहिली. लगेच चाळीस जणांनी विचारलं, पेरियम्मा, बरं नाही का?

*

लग्नाचा आठवडा आला. अम्मानं पडद्यासमोरच्या चटईवर जागा धरली, मी माझी वही घेतली. त्या आठवड्यात माझ्याजवळ प्रत्येक भागाबद्दल दोन दोन मतं असायची. वहीत लिहायचं खरं, आणि आठ वाजता नंबीचा फोन आला की सांगायचं ते.

सोमवारी मांडवाचा खांब रोवला. अम्मा रडली. अम्मा खांबालाही रडते. वहीत मी लिहिलं: 'बावीस मिनिटांचा भाग, त्यात एकोणीस मिनिटं खांब. आपल्या घरात लवकर उरकतात.' फोनवर म्हटलं, "खांब छान होता."

"खांब?" नंबी म्हणाला. "एवढंच?"

"चांगला उभा होता."

मंगळवारी मेंदी. नायिकेच्या डाव्या हातावर मोर काढला होता आणि भाग संपेपर्यंत तो डाव्याच हातावर राहिला. मला कौतुक वाटलं. मागं कधीतरी मोर हात बदलून गेला असता. त्या दिवशी मी फोनवर आपण होऊन म्हटलं, "मोर जागेवर होता."

"तुम्ही... मोर बघितला?"

"दिसला."

"मंगैयर्करसी, अख्ख्या तमिळनाडूत तो मोर मी सोडून कुणी बघितला नसेल." त्याच्या आवाजात इतका आनंद होता की मला अपराधी वाटलं. अशा वेळी माणसानं फोन ठेवावा, मी अर्धा तास बोलत बसले.

बुधवारी सित्ती, म्हणजे नायकाची सावत्र आई, दुधात काहीतरी मिसळते. तीन वेळा ढगांचा गडगडाट, तीन वेळा तिचा चेहरा जवळून. अम्मानं पडद्याकडं बोट करून तिला असे शाप दिले की शेजारच्या सेल्वराणीनं खिडकीतून विचारलं, कोण आलंय घरी? वहीत मी लिहिलं: 'तीन वर्षांत सित्तीनं अकरा वेळा दूध नासवलं, तरी त्या घरात दूध तिच्याच हाती देतात. अशा घरात मुलगी देणाऱ्या बापाचीच आधी चौकशी व्हावी.'

गुरुवारी मुहूर्त.

"गेट्टिमेळम! गेट्टिमेळम!" पुजारी ओरडले, ढोल-सनई एकदम उसळली, नायकानं ताळी, म्हणजे मंगळसूत्र, हातात घेतली. अम्माच्या डोळ्यांतून धारा. कॅमेरा नवरीवर, नवऱ्यावर, सित्तीवर, आणि मग नवरीच्या बापावर. बाप उपरण्यानं डोळे पुसत होता. त्याच्या डोक्यामागं भिंतीवर आमचं कॅलेंडर होतं. श्री वडिवंबाळ राइस मिल. तारीख बारा.

आणि वर, मोठ्या अक्षरात, घरी बसून वाचता येईल असं, छापलं होतं: आडी.

"सापडलं!" मी ओरडले.

आडीत आमच्याकडं कुणी लग्न लावत नाही. लग्न राहू द्या, आधी झालेल्या लग्नातली नवी नवरीसुद्धा त्या महिन्यात माहेरी पाठवतात. आडीत ताळी बांधणं म्हणजे सुतकात पेढे वाटण्यासारखं. तीन वर्षांतली सगळ्यांत मोठी चूक माझ्यासमोर अकरा सेकंद भिंतीवर टांगलेली होती. मी वही उघडली, पेन उघडलं...

"अगं बाई, आडीत?" अम्माचं रडं जागीच थांबलं. "ही पोरगी आता नांदते कशी!"

ते कॅलेंडर आमचं आहे, हे त्यानंतर माझ्या डोक्यात शिरलं. आमचं म्हणजे माझ्या टेबलावरून गेलेलं. मी पेन बंद केलं.

त्या संध्याकाळी आठला फोन वाजला नाही.

*

शुक्रवारी प्रेस उघडायच्या आधी मी दारात उभी होते. फाइल काढली, प्रूफ काढलं. अकराव्या पानावर माझी खूण होती, तेराव्यावर होती. बाराव्यावर खूण नव्हती. वर तसंच राहिलेलं 'आडी', आणि कागदाच्या कोपऱ्यात गोल, वळणदार, आत्मविश्वासानं केलेली माझी सही.

मी खाली बसले. त्या पानाच्या वेळी मी काय करत होते ते मला चांगलं आठवत होतं.

एव्हाना भिंतीवरच्या त्या पानाचं चित्र सगळीकडं फिरत होतं. वाहिनीच्या कचेरीत फोन खणखणत होते म्हणे. पेरियम्माच्या पानावर सातशे लोक येऊन विचारत होते, तुम्ही काय म्हणता? सोडू नका त्यांना!

दुपारी मीच नंबीला फोन लावला.

"बोला," तो म्हणाला. आवाज स्वच्छ, कोरडा. "आज राहुकाळ मी विचारणार नाही. चालूच आहे."

"काय झालं तिकडं?"

"सोमवारपासून येऊ नकोस म्हणाले. ठीक आहे. गावी केळी आहेतच."

"तुम्ही सांगितलं नाही त्यांना, पान प्रेसनं चुकीचं छापलं म्हणून? अकरा आणि तेरा बरोबर आहेत, फक्त बारावं..."

तो हळूच म्हणाला, "तुम्ही बघितलंत तर."

"काय सांगितलंत त्यांना?"

"खोलीवरच्या जुन्या कॅलेंडरातलं पान मीच चुकून लावलं, असं."

"का?"

"त्या प्रूफावर तुमची सही आहे ना... तुम्हीच सांगितलं होतं, पोन्नुसामी अय्या, अमावास्या. आणि पान लावताना मीही नुसता आकडाच बघितला होता. बारा. म्हणजे थोडी चूक माझीही आहेच."

"थोडी!"

"तुमचं मोठं आहे हो, मंगैयर्करसी. सहा वर्षं एकही चूक नाही. माझ्या तर दर सोमवारी निघतात. त्यात एक वाढली." मग जरा हसून म्हणाला, "आता रविवारी पेरियम्माची मजा आहे. वाचा तुम्ही. मी नाही वाचणार."

फोन ठेवल्यावर मी प्रेसच्या मागच्या बाजूला गेले. तिथं कापलेल्या कागदाच्या पट्ट्यांचा ढीग असतो, आणि सहसा कुणी नसतं. मी तिथं रडले. मालिकांत दाखवतात तसं नाही, नाक वाहेपर्यंत. लोका सांगे ब्रह्मज्ञान! तीन वर्षं मी ज्या माणसाचा मोगरा मोजला त्यानं माझी सही वाचवायला आपली नोकरी दिली होती. आणि मी गप्प बसले तर कुणाला कधी काही कळणार नव्हतं. सही राहिली असती, पेरियम्मा राहिली असती. तो केळीच्या बागेत गेला असता.

शनिवारचा भागही मी बघितला. सित्ती हसली, तीन वेळा. वहीत मी काहीही लिहिलं नाही.

रविवारी पहाटे उठून कॉफी केली आणि लिहायला बसले. दोन तास लागले. एवढीशी झाडाझडती मी कधीच लिहिली नव्हती.

'या आठवड्यात खांब होता, मोर होता, दूध होतं. त्याबद्दल काही नाही. फक्त गुरुवारचं बोलते. ते पान मालिकेतल्या माणसानं चुकीचं लावलेलं नाही. ते चुकीचं छापलं गेलं. छापण्याआधी ते जिनं तपासलं तिची सही खाली फोटोत आहे. ती मी. माझं नाव मंगैयर्करसी, वय सव्वीस, लग्न झालेलं नाही, सुना नाहीत, गुडघे ठीक आहेत. दुसऱ्यांच्या चुका मोजून तीन वर्षं मी तुम्हाला हसवलं. माझी चूक दुसऱ्यानं आपल्या अंगावर घेतली, त्यात हसण्यासारखं मला काही सापडलं नाही. ते पान आलं तेव्हा माझी नजर पानावर नव्हती. क्षमा करा.'

ठीक सहा वाजता पाठवून दिलं, आणि अम्माला उठवून तिला सगळं सांगितलं. अम्मानं शांतपणे ऐकलं.

"म्हणजे सित्तीला पांढरी पाल म्हणणारी तू होतीस?"

"हो."

"मला वाटलं कुणी शहाणी बाई आहे," अम्मा म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

लोकांनी मात्र सोडलं नाही. कोइम्बतूरच्या एक बाई म्हणाल्या, सव्वीस वर्षांची कार्टी, आणि मी तुझं ऐकून सासूशी अबोला धरला होता! कुणी शिव्या दिल्या, कुणी शाबासकी दिली. नऊ हजार लोक दुपारपर्यंत पान सोडून गेले. लिहिणाऱ्यांत मी एकच नाव शोधत होते, आणि ते नव्हतं. फोनही आला नाही. रविवारभर मी फोन हातात घेऊन घरातल्या घरात फिरले. मिक्सरवर ठेवला, उशीवर ठेवला, एकदा तर तांदळाच्या डब्यात ठेवून आले.

*

सोमवारी अण्णाच्चींनी बोलावलं. प्रूफ त्यांच्या पुढ्यातच होतं.

"पोरी, मला येऊन सांगायचं होतंस. गावाला कशाला सांगितलंस?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही झाकलं असतंत, अण्णाच्ची. पुढच्या वर्षाचे नमुने बाजारात गेलेत."

त्यांनी प्रूफाची घडी घातली. "झाकलं असतं," म्हणाले. "पण नियम तो नियम." आणि टेबलावरची माझी लाल पेन्सिल उचलून खणात टाकली.

अशी मी पोन्नुसामी अय्यांच्या शेजारी बाकावर आले. अय्यांनी सरकून जागा दिली. "इथं वारा चांगला येतो," एवढंच म्हणाले. एक ते एकतीस पानं क्रमानं लावायची, ठोकून सारखी करायची, पुढं सरकवायची. हाताला काम होतं, डोक्याला नव्हतं, आणि डोकं रिकामं राहणं त्या दिवशी फार वाईट होतं.

दुपारी बारा वाजता दारात सावली पडली.

नंबी. केस विस्कटलेले, शर्ट रात्रभर गाडीत चुरगळलेला. या वेळी तो चपलांचा विचार न करता सरळ आत आला, आणि बाकासमोर उभा राहिला. पोन्नुसामी अय्या उठले आणि खोकत पाणी प्यायला गेले. त्यांना तहान लागलेली मी सहा वर्षांत पाहिली नव्हती.

"तीन वर्षं!" नंबी म्हणाला. "तीन वर्षं मी सगळ्यांसमोर वाचत होतो. आणि मी इथं, तुझ्या त्या टेबलापुढं बसून तुलाच सांगत होतो, आणि तू ऐकत होतीस! वर विचारत होतीस, या सोमवारी काय वाचलं म्हणून!"

रागात माणूस अहो-जाहो विसरतो. मी मान खाली घालून पानं लावत राहिले.

"बोल ना. रविवारी बरं सुचतं."

"चुकलं," मी म्हटलं. "सांगायचं होतं. सांगितलं की तुम्ही फोन करणार नाही, असं वाटलं."

"आणि मी तुझी सही वाचवायला बसलोय! तू ती फोटो काढून चाळीस हजार लोकांना दाखवलीस!"

"तुमची नोकरी..."

"आली परत. दिग्दर्शकांनी काल फोन केला. आधी खोटं बोललो म्हणून शिव्या घातल्या, मग म्हणाले ये. आज संध्याकाळी बघ, आडीचं पान सित्तीनंच मुद्दाम टांगलं होतं असं दाखवणार आहेत. लग्न मोडायला."

"सित्तीनं?" माझं तोंड उघडंच राहिलं. "पण बुधवारी तर तिनं दूध..."

"मंगैयर्करसी!"

मी पुन्हा गठ्ठा ठोकायला घेतला. त्याच्या कपाळावर घाम होता. राग मात्र निम्मा उतरला होता, ते दिसत होतं.

"नोकरी आली, तर मग आज कामावर का नाही गेलात?" मी विचारलं.

"एक दिवस मागून घेतला." तो अय्यांच्या रिकाम्या जागेवर बसला. माझ्याकडं न बघता, समोरच्या गठ्ठ्याकडं बघत. "वाचलं मी ते. चार वेळा. सगळं कळलं. एक ओळ कळली नाही. तेवढ्यासाठी आलो."

"कुठली?"

"'ते पान आलं तेव्हा माझी नजर पानावर नव्हती.'" त्यानं माझ्याकडं पाहिलं. "मग... कुठं होती?"

पलीकडं यंत्र धडधडत होतं. अण्णाच्ची काचेआडून बघत होते आणि बघत नसल्याचं दाखवत होते. मला वाटलं होतं अशा वेळी कानात काहीतरी वाजतं, ढोल, सनई, निदान वारा तरी सुटतो. काही नाही. हातात सतरा तारखेचं पान होतं.

"तुझ्यावर," मी म्हटलं. "चारही तास. तू चहा आणायला बाहेर गेलास तेवढी दहा मिनिटं सोडून... तेव्हा दारावर होती."